व्यसन सुटताना मन का बिघडते?



“फादर, पोराने गांजा सोडला आणि घराची शांती गेली. ओढत होता तेव्हा निदान गप्प तरी असायचा.” एका आईचे हे शब्द तिच्या परवानगीने लिहीत आहे. मुलगा रात्र रात्र जागा, ताट पुढे सारायचा, धाकट्या बहिणीवर खेकसायचा. ‘पुन्हा नादी लागला,’ असे घरच्यांना वाटले. प्रत्यक्षात तो आठ दिवस नशेशिवाय होता.

गांजा सोडल्यावर काही त्रास होत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात या अवस्थेची स्वतंत्र नोंद केली. दीर्घकाळ, रोज ओढणाऱ्यास नशा सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, उदासी, भूक मंदावणे, निद्रानाश, विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो. तो साधारण १ ते ३ दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात जोर धरतो आणि बहुधा २ आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार महिनाभरही राहते.

असे का? गांजातील द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहकांवर काम करते, ते रोजच्या माऱ्याने कमी होतात. नशा थांबली की झोप, भूक व मनःशांती यांची घडी विस्कटते. सुमारे ४ आठवड्यांत हे ग्राहक बहुतांशी पूर्ववत होतात.

निर्णय एका क्षणात होतो, सवय मोडायला दिवस लागतात. चांगले करण्याची इच्छा आहे पण बळ नाही, ही ओढाताण संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मांडली आहे.

घरच्यांनी काय करावे?

१. पहिले दोन आठवडे जुना हिशेब काढू नका.
२. वेळेवर जेवण, चालणे, झोपेची ठरलेली वेळ पाळा. एकटे सोडू नका.
३. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.
४. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. फिट येऊन जीव धोक्यात येतो.

फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे सुरू केलेले कृपा फाउंडेशन याच कामासाठी आहे. १४४४६ ही शासनाची मोफत हेल्पलाइन आहे.

उधळ्या पुत्राच्या बापाने दारातच जाब विचारला नाही. आपल्या घरी कुणी परतीच्या वाटेवर असेल, तर त्याची चिडचिड हे वाट चालण्याचे श्रम समजू या.

आपला,
धर्मगुरू