कॅट परीक्षा आणि कला शाखेचा विद्यार्थी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणाचे नाव काढले, की 'ते इंजिनिअरांचे काम, तुझे नव्हे,' असे घरीदारी ऐकावे लागते. गेले वर्षभर मी या परीक्षेच्या तयारी-वर्गाला जात आहे. वरील समज कितपत खरा, याचा अनुभवाच्या आधारे विचार करण्याचा येथे हेतू आहे.

१९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे पहिल्या भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. आज महाराष्ट्रातही अशा दोन संस्था आहेत : नागपूरची २०१५ साली सुरू झाली, तर पवईच्या जुन्या 'निटी'ला २०२३ साली हे स्वरूप मिळाले. या संस्थांच्या प्रवेशाची सामायिक परीक्षा म्हणजे कॅट. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला, तसेच पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, तिला बसता येते.

२०२४ ची परीक्षा दोन तासांची व ६८ प्रश्नांची होती. इंग्रजी भाषा व आकलन यावर २४, माहितीचे विश्लेषण व तर्क यावर २२ आणि गणितावर २२ प्रश्न. प्रत्येक भागाला ४० मिनिटे. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्यास देता येत नाही. भाषेच्या २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर होते. असे उतारे पुष्कळदा इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वा कला या विषयांवरचे असतात. म्हणजे हे आपलेच अंगण ! गणितही बरेचसे शाळेतलेच : शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, समीकरणे. अडचण असते ती वेगाची आणि सुटलेल्या सवयीची.

आता गुणांचा हिशेब पाहू. बरोबर उत्तराला ३ गुण. चार पर्यायांच्या प्रश्नात उत्तर चुकल्यास १ गुण वजा. चार प्रश्नांना डोळे मिटून उत्तरे दिली, तर सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील : ३ मिळाले, ३ गेले, हाती शून्य. पण प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय विचारपूर्वक बाद केले, तर चारपैकी दोन बरोबर येतील : ६ मिळाले, २ गेले, हाती ४. म्हणजे पूर्ण उत्तर आले नाही, तरी चूक काय ते ओळखण्यालाही मोल आहे.

हे पुस्तकातूनही कळते. मग वर्ग कशासाठी ? याचे उत्तर मला एका सराव परीक्षेनंतर मिळाले. तर्काच्या एका कोड्यात मी १४ मिनिटे घालवली. कोडे सुटले, पण त्यापायी दोन सोपे संच वाचायचेही राहिले. मी अभिमानाने माझी रीत फळ्यावर मांडली. सरांनी शांतपणे विचारले, "हा प्रश्न सोडवायचा होता, की सोडायचा होता ?" सारा वर्ग हसला, मीही हसलो. पण ती चूक पुस्तकाने मला कधीच दाखवली नसती, कारण पुस्तकाच्या लेखी माझे उत्तर बरोबरच होते !

समोरासमोरच्या वर्गाचा, मग तो खोलीत भरो वा संगणकाच्या पडद्यावर, खरा लाभ हाच. आपला विचार दुसऱ्यासमोर मोठ्याने मांडावा लागतो, आणि इतरांच्या चुकांतूनही शिकता येते. मात्र नुसते ऐकणे म्हणजे तयारी नव्हे. तासाभराच्या वर्गामागे दोन तास स्वतः गणिते सोडवावीत, चुकांची वेगळी वही ठेवावी, आणि रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक अग्रलेख वाचून त्याचा आशय मराठीत चार ओळींत लिहावा. वर्गाचे शुल्क झेपत नसेल, तर तीन-चार मित्रांनी मिळून ग्रंथालयात ठरावीक वेळी बसावे आणि आळीपाळीने शिक्षक व्हावे.

माझी परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पण गणिताचा तास चुकवण्यासाठी ज्याने कला शाखा घेतली, तो मी आज स्वखुशीने गणित सोडवतो, ही प्राप्ती काही लहान नाही. विद्यार्थी मित्रांनो, 'हे आपले काम नव्हे' हा निर्णय परीक्षा देण्यापूर्वीच घेऊ नका, एवढीच विनंती.