निलगिरीचे पान : औषध आणि उपद्रव

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस, तूर व सोयाबीन ही पिके घेतली जातात. अशा शेताच्या बांधावर निलगिरी लावावी काय, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी त्या वृक्षाच्या पानातच सापडते.

निलगिरीचे पान उजेडासमोर धरले असता त्यात बारीक अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. या तैलग्रंथी होत. पान चुरगाळताच येणारा उग्र वास त्यांतील तेलाचा असतो. सिनिओल हा या तेलाचा प्रमुख घटक. १८७० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोएझ यांनी त्यास ‘युकॅलिप्टॉल’ हे नाव दिले. औषधी तेलात त्याचे प्रमाण किमान ७० टक्के असावे लागते. याखेरीज पायनीन व लिमोनीन ही टर्पीन द्रव्ये, तसेच टॅनिन व फ्लॅव्होनॉइड ही संयुगे पानांत आढळतात. लिंबाच्या वासाच्या जातीत मात्र सिट्रोनेलाल प्रमुख असते. म्हणजे प्रत्येक जातीचे तेल सारखे नसते.

ही द्रव्ये म्हणजे वृक्षाचे संरक्षक कवच होय. गुरे व शेळ्या या पानांना सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे कुंपणाशिवायही रोपे तगतात आणि वनीकरणाच्या कार्यक्रमांत या वृक्षाला पसंती मिळाली.

परंतु याच गुणाची दुसरी बाजूही आहे. गळलेल्या पानांतील फिनॉलवर्गीय आम्ले पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरतात. ही द्रव्ये व तेलाची वाफ यांमुळे अनेक पिकांच्या बियांची उगवण मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. बांधालगतचे पीक खुरटते, त्यास मुळांनी ओढलेले पाणी व सावली हीही कारणे असतात. सर्व दोष पानांच्या माथी मारणे योग्य नव्हे.

यावरून काही गोष्टी निश्चित करता येतील. पिकाच्या बांधावर निलगिरी टाळावी. लावायचीच असल्यास पडीक जमिनीवर स्वतंत्र लागवड करावी. तिचा ताजा पाला रोपवाटिकेत आच्छादन म्हणून वापरू नये. तो पूर्ण कुजवून मगच खतात घ्यावा. शिक्षकांनी तैलग्रंथी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवाव्यात. मात्र एक इशाराही द्यावा. निलगिरी तेल बाहेरून लावण्याचे आहे. एक लहान चमचाभर तेल पोटात गेले तरी बालकास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. तेलाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागीच ठेवावी.