कोरडा काठ नसलेला पूर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. उजाडलं तसे आमच्या पूर्व नागपुरातले लोक तिकडे धावले. कोणी पोळ्या-भाजी नेली, कोणी घमेली-फावडी. एनडीआरएफ होतं, लष्कराचे जवान होते. आपत्ती म्हटली की आपल्यापुढे हेच चित्र येतं: एका काठावर बुडालेले, दुसऱ्या काठावर हात देणारे.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तो दुसरा काठच नव्हता. आमच्या लेआउटच्या मदत गटात मी होतो. औषधं पोहोचवणारी मुलं बघता बघता तापाने पडली. डबे करणाऱ्या ताईंचं सगळं घर पॉझिटिव्ह निघालं. मेडिकल भरलं, मेयो भरलं; दोन्ही सरकारी रुग्णालयं. त्यात नागपूर म्हणजे अख्ख्या विदर्भाचं, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडच्यांचंही दवाखान्याचं गाव. तिकडचे पेशंटही इथेच येणार, आणि त्यांना तरी कुठे पाठवायचं? विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर २३ एप्रिलला नागपुरात उतरले, तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला.

कोविडला आपत्ती मानून राज्य आपत्ती निधीतून खर्च करायला केंद्रीय गृह मंत्रालयाने १४ मार्च २०२० लाच परवानगी दिली होती. पैशाची वाट त्याने मोकळी झाली. पण आपली आपत्तीची सगळी कल्पना पूर-भूकंपावर बेतलेली. पूरग्रस्तांना शाळेत, मंगल कार्यालयात एकत्र ठेवता येतं. साथीत एकत्र ठेवणं हाच धोका. आणि बाहेरून पथक येईल म्हणावं, तर ज्या गावातून ते यायचं तिथेही तीच परिस्थिती.

शेजारचे एक काका मला अजून जसेच्या तसे दिसतात. ऑक्सिमीटरवर ९१, आणि ते खुर्चीत बसून चहा मागताहेत. दम लागत नव्हता, म्हणून घरच्यांना वाटलं यंत्रच बिघडलंय. पुण्यातला मुलगा फोनवरून रेमडेसिव्हिर शोधत होता. रेमडेसिव्हिरने मृत्यू टळतात असा पुरावा नाही, असं सांगून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. तरी सगळं शहर त्या इंजेक्शनमागे होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आधी पालथं झोपवा. छातीखाली एक उशी, पोटाखाली एक. आकडा सावकाश ९४ वर आला आणि खाट शोधायला आम्हाला रात्र मिळाली. काका घरी परतले. मागच्या गल्लीतले एकजण त्यांच्याहून तरुण होते. श्वास भरून येत असूनही ‘रिपोर्ट येऊ दे’ म्हणत घरीच थांबले. ते गेले.

म्हणून सांगतो, रिपोर्टसाठी अडून बसू नका. ऑक्सिमीटर लावण्याआधी नखांचं पॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून ऊब आणा, आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नका. तो ९४ किंवा वर असेल आणि दम लागत नसेल, तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. तीन-चार अंकांनी उतरला किंवा ९४ च्या खाली गेला, की डॉक्टरांना लगेच फोन. घरातल्या प्रत्येकाचं वय, शुगर-बीपीच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी आणि ताप कोणत्या तारखेला आला, हे एका कागदावर असू द्या. रात्री दोन वाजता धावपळ करणाऱ्याला यातलं काहीच आठवत नाही.

वस्तीचं नियोजन करताना मदत करणारा आजारी पडणारच, हे धरून चाला. प्रत्येक कामाला दोन माणसं, तीही वेगवेगळ्या घरांतली. शिवाय शहराच्या दुसऱ्या टोकाला एक घर असं जोडून ठेवा की तुम्ही सगळे पडलात तर तिथले लोक फोन उचलतील. आणि तापाची लाज वाटू देऊ नका, दुसऱ्याला वाटेल असं वागू नका. २०२० मध्ये कोविडचे हॉटस्पॉट ठरलेल्या सतरंजीपुरा, मोमिनपुरा या वस्त्यांकडे लोक कसे बघत होते ते आठवा. विलगीकरणाची गाडी येऊन घेऊन जाईल या भीतीने माणूस ताप लपवतो, आणि मग साथ घराघरांत फिरते.

पुढची साथ कोविडचीच असेल असं नाही. २०१८ मध्ये इथे स्क्रब टायफसने माणसं दगावली. २०२१ ची दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच पावसाळ्यात डेंग्यू आला. डेंग्यूचा बंदोबस्त तर आपल्या हातात आहे, आणि तो दवाखाने रिकामे असतानाच करायचा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की नागपुरात कूलर बंद होतो आणि टाकीत पाणी तसंच राहतं. ती नुसती उपडी करून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात; पुन्हा पाणी लागलं की फुटतात. टाकी ब्रशने घासा, उन्हात वाळवा आणि झाकूनच माळ्यावर टाका. शेजारी आजी-आजोबा एकटे राहत असतील, तर त्यांचीही त्याच दिवशी घासून द्या.