रोजच्या लांब पल्ल्यासाठी मोठी गाडी : घेण्यापूर्वी हिशेब मांडा



उसाचे बिल जमा झाले की गट कचेरीत बेण्याच्या चौकशीबरोबर गाडीचीही चौकशी सुरू होते. परवा एक सभासद मुलाला घेऊन आले. मुलाचा धंदा पुण्यात, राहणे साताऱ्याजवळ. रोज जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर. "साहेब, सगळ्यात उंच गाडी कोणती, तेवढी सांगा," एवढाच त्यांचा प्रश्न. आम्ही म्हणालो, "अण्णा, रान बघितल्याशिवाय आपण बेणं ठरवतो का?" खारवट रानाला फुले 265, चांगल्या निचऱ्याच्या रानाला को 86032, असे आपण रान पाहून ठरवतो. गाडीही रस्ता पाहूनच ठरवावी. त्या दिवशी कागदावर मांडलेला हिशेब सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

1) पळण्याचा खर्च : रोज 200 कि.मी. व वर्षाचे 300 दिवस धरले तर 60,000 कि.मी. होतात. लिटरला 12 कि.मी. देणारी गाडी 5,000 लिटर इंधन पिते, 15 देणारी 4,000 लिटर. लिटरला 90 रु. धरले तर फरक 90,000 रुपयांचा. टनाला 3,000 रु. धरले तर हा 30 टन ऊस झाला, आणि तोही दरवर्षी! सर्व्हिसिंग 10,000 कि.मी.ला असेल तर ते दर दोन महिन्यांनी येणार. टायर 50,000 कि.मी. टिकले तरी वर्ष पुरत नाही. म्हणून शोरूमच्या किमतीशेजारी हे आकडेही लिहा. नुसता हप्ता बघून भागत नाही.

2) इंधन : एप्रिल 2020 पासूनच्या बी.एस. 6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी गाडी सलग वेगात पळाली की जळून जाते. म्हणून रोज हायवेने जाणाऱ्याला डिझेल मानवते. गावातल्या गावात फिरणाऱ्याची गाळणी मात्र तुंबते. काही डिझेल गाड्यांना डी.ई.एफ. नावाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते शुद्ध पाण्यातले 32.5 टक्के युरियाचे द्रावण असते. पण म्हणून घरचा निमकोटेड युरिया विरघळवून कोणी ओतू नये. यंत्रणा बिघडेल आणि खर्च मोठा येईल.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे, याचा आनंदच आहे. मात्र लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. तेव्हा ॲव्हरेज थोडे कमीच धरा. हायब्रीड गाडीची खरी बचत शहरातल्या थांबत-चालत रहदारीत होते. एकसारख्या वेगात ती कमी दिसते.

3) सांगाडा : स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांची बॉडी वेगळ्या चॅसीवर बसवलेली असते. खराब रस्ता, पाणंद, ओढणे यांना ती बांधणी चांगली. सफारी, इनोव्हा हायक्रॉस यांत बॉडी व सांगाडा एकच असतो. डांबरी रस्त्यावर अशी गाडी साधारणपणे कमी हेलकावते. आपले चाक रानात किती आणि हायवेवर किती, हे स्वतःलाच विचारा. ट्रायल घेताना दुकानाभोवती चक्कर मारून परतू नका. तासभर हायवेवर चालवा, घाट असेल तर घाटही चढा-उतरा. पाठ दुखते का, मागे बसणाऱ्याला मळमळते का, ते तेव्हाच कळते.

4) सुरक्षितता : गाडी मोठी म्हणजे सुरक्षित, असं नाही. उंच गाडीचा भार वर असतो. वेगात एकदम स्टिअरिंग फिरवले तर ती उलटण्याचा धोका जास्त. टपावर सामान लादले की तो आणखी वाढतो. म्हणून घसरती गाडी सावरणारी ई.एस.सी. यंत्रणा असलीच पाहिजे. ऑक्टोबर 2023 पासून भारत एन.कॅप.ची धडक-चाचणी सुरू आहे. आपण घेतो त्या मॉडेलला किती तारे मिळाले ते विचारा. शेवटच्या ओळीतही पट्टा आणि डोक्याला टेकण आहे का, हे हाताने पाहा.

5) रात्रीचा वेग : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. 100 च्या वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते आणि कोरड्या रस्त्यावरही पुरती थांबेपर्यंत 80 मीटर तरी लागतात. डिपरच्या उजेडात विनादिव्याची ट्रॉली साधारण 50-60 मीटरवर आल्यावर दिसते. मग गाडी कितीही महाग असो, धडक चुकत नाही. 60 च्या वेगात तीच गाडी 40 मीटरच्या आत थांबते. उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

आणि दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. हंगामात रस्त्यावर असणारी ट्रॉली आणि बैलगाडी आपल्याच कारखान्याची असते. मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर चूक गाडीवाल्याचीच, असे म्हणता येणार नाही. ट्रॉलीही आपली आणि गाडीतला मुलगाही आपलाच.

अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. गाडी अजून घेतलेली नाही. बाप-लेक दोन गाड्या हायवेवर चालवून पाहताहेत. मात्र घरच्या दोन्ही ट्रॉल्यांना त्यांनी रिफ्लेक्टर लावून घेतले आहेत. इतर सभासदांनीही मोळी पडण्यापूर्वी तेवढे काम उरकून घ्यावे, ही विनंती.