ताप नाही, तरी आई गुंगीत

प्रश्न : आई ७२ वर्षांची, मधुमेही आहे. चार दिवसांपासून लघवीला जळजळ होतेय. आज ताप नाही, पण ती असंबद्ध बोलते, सारखी झोपून असते. वयामुळे असेल का?

उत्तर : वयावर ढकलू नका, त्यांना आत्ताच रुग्णालयात न्या. हा सेप्सिस असू शकतो. यात जंतुसंसर्गाशी लढताना शरीराची प्रतिक्रिया भरकटते आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांनाच इजा होऊ लागते. वृद्धांना ताप येईलच असे नाही. उलट अंग गारही पडते. अचानक झालेला गोंधळ ही अनेकदा पहिली खूण असते. मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली, लघवी फार कमी होणे, त्वचेवर निळसर चट्टे हीसुद्धा धोक्याची लक्षणे. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा. ती घसरल्यानेही असे होते. मात्र मोजमापांसाठी थांबू नका, महाराष्ट्रात असाल तर १०८ ला फोन करा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा सेप्सिस आहे का?’ सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळल्यावर, अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावे लागते. म्हणून सकाळ होण्याची वाट पाहू नका.