पहिली खरेदी मास्कचीच

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करणार आहे. स्वतःचं कोणतं साहित्य आधी घ्यावं?

उत्तर : आधी मास्क घ्या, बाकीचं भाड्याने चालेल. जे शरीराच्या मापावर ठरतं ते स्वतःचं असावं, जे यंत्र म्हणून सांभाळावं लागतं ते सुरुवातीला केंद्राचं वापरावं. मास्क नीट बसला नाही तर पाणी आत झिरपतं आणि नवख्याचं सगळं लक्ष तिकडेच जातं. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास आत घ्या; हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. पोहण्याचा गॉगल मात्र नको, त्यात नाक बाहेर राहतं. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. डोळ्यांपुढच्या पोकळीतला दाब सांभाळायला नाक मास्कच्या आतच असावं लागतं.

जीव ज्यावर अवलंबून तो, टाकीतली हवा श्वासासाठी देणारा रेग्युलेटर आधी का नको, ही शंका रास्त आहे. पण त्याला ठरावीक काळाने जाणकाराकडून सर्व्हिसिंग लागतं. वर्षातून एखाद्या वेळी पाण्यात उतरणाऱ्याच्या कपाटात पडून राहिलेला रेग्युलेटर केवळ मालकीमुळे सुरक्षित ठरत नाही. डायव्हिंग नियमित झालं तर पुढची खरेदी डाइव्ह कॉम्प्युटरची करा, कारण खोली आणि वेळेचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो.