मैद्याचा ब्रेड, कणकेचा ब्रेड आणि आपली पोळी

माळवा हा गव्हाचा मुलूख. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे इंदूर येथील प्रादेशिक केंद्र १९५१ पासून कार्यरत आहे आणि ‘मालव शक्ती’, ‘पूसा तेजस’ यांसारखे कठिया गव्हाचे वाण तेथेच तयार झाले. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत वर्षाचा गहू एकदम भरला जातो, निवडला जातो आणि दळण चक्कीवरून आणले जाते. असे असूनही धार आणि देवास येथील मुलांच्या पालकांना मी जेव्हा विचारतो, “सकाळी मुलगा काय खातो?” तेव्हा “चहा-टोस्ट” किंवा “दूध-ब्रेड” हे उत्तर वारंवार मिळते.

यात आयांना दोष देण्याचे कारण नाही. देवासचे कारखाने असोत वा धार जिल्ह्यातील पीथमपूर, घरातला एक माणूस तरी पाळीवर जाणारा असतो. शाळेची बस सात वाजण्यापूर्वी दारात उभी राहते. अनेक घरांत आईही नोकरी करते. ब्रेडला ना कणीक मळावी लागते, ना तवा तापवावा लागतो. म्हणून तो घरात आला आणि रुळला. अलीकडे मात्र पालक स्वतःहून विचारू लागले आहेत, “डॉक्टर, पांढऱ्याऐवजी ब्राउन ब्रेड दिला तर चालेल ना?” या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते सविस्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दाण्यातून काय वजा होते?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा सुमारे १४ ते १५ टक्के, अंकुर २ ते ३ टक्के आणि उरलेला पिठूळ गर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि कोंडा व अंकुर गरापासून सफाईने वेगळे काढणे शक्य झाले. अंकुरातील तेल खवट होते. ते काढून टाकल्यावर पीठ महिनोन्‌महिने टिकते. व्यापाराला हे सोयीचे ठरले आणि मैदा जगभर पसरला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय भाग असतो, तर मैद्यात तीन ग्रॅमपेक्षाही कमी. लोह कणकेत सुमारे ४ मिलिग्रॅम, मैद्यात दोनपेक्षा कमी. जस्ताचे प्रमाणही मैद्यात कणकेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरते. प्रथिनांत मात्र फारसा फरक नाही. हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे, कारण मैद्यात ‘काहीच नसते’ असे म्हणणेही शास्त्राला धरून नाही.

आता हेच आकडे ताटात मांडून पाहू. तीस ग्रॅम कणकेच्या एका मध्यम पोळीतून साडेतीन ग्रॅमच्या जवळपास तंतू मिळतात. पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये चाळीस ग्रॅमपेक्षा थोडा कमी मैदा धरला, तर जेमतेम एक ग्रॅम. दोन वर्षांवरील मुलांसाठी एक सोपा ठोकताळा आहे : मुलाच्या वयात पाच मिळवा, तेवढे ग्रॅम तंतू त्याला रोज मिळावेत. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला बारा ग्रॅम. दिवसात तीन पोळ्या, वाटीभर वरण आणि एक फळ खाणारे मूल ही मर्यादा सहज ओलांडते. त्याने आठवड्यातून दोनदा पांढरा ब्रेड खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते ब्रेडने पोळीची जागा घेतली म्हणजे. म्हणून ब्रेडचा रंग विचारण्याआधी मी पालकांना विचारतो, “ब्रेड आल्यापासून ताटातून काय गेले?”

एका घराची गोष्ट

देवासच्या एका कुटुंबातील सात वर्षांचा मुलगा पोटदुखीसाठी आणला गेला. चार-पाच दिवसांतून एकदा शौचास होई, तेही रडत. मधल्या दिवसांत चड्डी खराब होई. त्याला घरी जुलाब समजले गेले होते आणि आळस समजून मारही बसला होता. वर्गातली मुले त्याच्या शेजारी बसत नव्हती आणि म्हणून तो शाळेत जायलाच नकार देत होता. तपासताना पोटाच्या डाव्या बाजूला खाली कडक मळाचे गोळे हाताला लागले. वाढ योग्य होती, जन्मानंतरची पहिली शी वेळेवर झाली होती, इतर कोणतेही धोक्याचे लक्षण नव्हते. साठलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपत होता. त्यावर मुलाचा ताबा नव्हता.

आहार विचारला. सकाळी जॅम लावलेल्या चार स्लाइस, डब्यात दोन, दिवसभरात तीन मोठे पेले दूध आणि रात्री एक पोळी. भाजी नावापुरती. बारा ग्रॅमच्या जागी सहा-सात ग्रॅम तंतू कसेबसे पोटात जात होते.

आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, घरात दळण चक्कीवरून येतं, पण याच्या पोटात जातो तो पाकिटातला मैदा!” त्यावर सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “आई, पावणेसातला बस येते. पोळ्या करायच्या कधी, तेवढं सांगा.” दोघींचेही म्हणणे खरे होते, आणि तोडगा निघायचा तर तो दोघींना घेऊनच निघणार होता.

येथे माझ्या वैद्यकीय मित्रांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा जुन्या बद्धकोष्ठात केवळ आहार बदलून भागत नाही. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपचनविकारतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तंतूंचे प्रमाण वयानुसार पुरेसे असावे असे म्हटले आहे. वरून जादा कोंडा किंवा पूड देण्याची शिफारस नाही. साठलेला मळ आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉलने मोकळा करावा लागतो आणि नंतर ते औषध किमान दोन महिने चालू ठेवावे लागते. या मुलालाही तेच दिले. सकाळच्या न्याहारीनंतर दहा मिनिटे, पाय टेकवायला पाट घेऊन, शौचास बसण्याची सवय लावली. मारणे आणि लाजवणे पूर्ण बंद करण्यास सांगितले. औषधाने वाट मोकळी केली. ती पुढे मोकळी ठेवण्याचे काम आहाराचे होते.

घरात बदल असे झाले. रात्रीच्या स्वयंपाकातच चार पोळ्या जास्त होऊ लागल्या. सकाळी त्यांत भाजी किंवा तूप-गूळ घालून डब्यासाठी गुंडाळी, हे काम आजींनी स्वतःकडे घेतले. न्याहारीला दोन दिवस गव्हाचा दलिया, दोन दिवस मटार-दाणे घातलेले पोहे आणि दोन दिवस ब्रेड. पण तो कणकेचा. दूध दोन पेल्यांवर आले. वडिलांनीही चहाबरोबरचे टोस्ट सोडले. दीड महिन्यात मुलाला रोज मऊ शौच होऊ लागली. औषध पुढे काही महिने देऊन हळूहळू कमी केले. तो नियमित शाळेत जाऊ लागला, हे आजींनी मला शौचाच्या आधी सांगितले.

तपकिरी रंगाचा मोह

ब्रेड तपकिरी दिसला म्हणजे तो अख्ख्या गव्हाचा असतोच असे नाही. मैद्यात कॅरॅमल हा रंग मिसळूनही तसा रंग आणता येतो. घटकांच्या यादीत तो १५० या क्रमांकाने ओळखता येतो. आपल्या देशात वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. त्यामुळे यादीत पहिले नाव कोणते, हे पाहावे. पहिले नाव मैदा असेल, तर पुढे ‘मल्टिग्रेन’ असो वा वरून तीळ व ओट पेरलेले असोत, तो मैद्याचाच ब्रेड समजावा. ‘आटा’ हे नाव पहिले असेल तर त्यापुढील टक्केवारी पाहावी. साखर यादीत कितवी आहे, याकडेही लक्ष असावे.

पूर्ण कणकेचा ब्रेड थोडा जड आणि कमी फुगलेला असतो, कारण कोंड्याचे कण पिठातील चिकट जाळे तोडतात. म्हणून फार हलका, कापसासारखा ब्रेड कणकेचा म्हणून हाती आला तर यादी पुन्हा वाचावी. गावातील बेकरीवाल्याला निम्मी कणीक घालून पाव करण्यास सांगता येते. दहा-बारा घरे एकत्र आली तर तो आनंदाने करतो. आपला कठिया गहू मात्र ब्रेडला फारसा साजेसा नाही. तो बाफले, रवा आणि दलिया यांसाठीच उत्तम.

अख्ख्या धान्याच्याही मर्यादा

दुसऱ्या महायुद्धानंतर मॅकन्स आणि एल्सी विडोसन या ब्रिटिश आहारतज्ज्ञांनी जर्मनीतील डुइसबर्ग येथील अनाथाश्रमांत कुपोषित मुलांना पाच प्रकारच्या पिठांचा ब्रेड हवा तेवढा खाऊ घातला. पिठांत अख्ख्या गव्हापासून पांढऱ्यापर्यंत सर्व होते. सर्व गटांतील मुले सारखीच वाढली. तेव्हा कणकेच्या ब्रेडने उंची वाढते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

दुसरा धडा इराणचा. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ साली शिराझ परिसरातील खुरटलेल्या, रक्तक्षय झालेल्या तरुणांची नोंद केली. त्यांचा आहार जवळजवळ सगळा न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता आणि ते मातीही खात. जस्ताची कमतरता हे त्यामागचे कारण पुढे सिद्ध झाले. कोंड्यातील फायटेट लोह आणि जस्त बांधून ठेवते. म्हणून नुसती पोळी पुरत नाही. तिच्याबरोबर डाळ, दही, भाजी आणि लिंबाची फोड हवी. यीस्टने आंबवल्यावर फायटेट कमी होते, हा कणकेच्या ब्रेडचा गुण मान्य केला पाहिजे. चहा मात्र लोहाचे शोषण आणखी घटवतो. मुलांसाठी ‘चहा-टोस्ट’ ही जोडी दुहेरी नुकसानीची आहे ती यामुळे.

मधुमेहाची भीती असलेल्या आजी-आजोबांसाठीही एक सूचना. बारीक दळलेल्या कणकेचा ब्रेड रक्तातील साखर जवळजवळ पांढऱ्या ब्रेडइतकीच वाढवतो. त्यांनी ब्रेड बदलून निश्चिंत होऊ नये. प्रमाण सांभाळावे आणि जाडसर दलिया, डाळी व ज्वारी यांकडे वळावे. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन पसरले आणि खरिपातील ज्वारी मागे पडली. धारकडील जुन्या मंडळींना ज्वारीची आणि मक्याची भाकरी आठवत असेल. ती ताटात परत येण्यास हरकत नाही.

आणि शेवटी सीलिअॅक विकार. उत्तर भारतात सुमारे शंभरात एकाला तो असतो. सतत जुलाब, न वाढणारी उंची, औषधाने न सुधारणारा रक्तक्षय अशी लक्षणे असतील, तर कणीक-मैदा हा वादच गौण ठरतो. मात्र रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नये. तपासणी फसवी ठरते.

घरात बदल आणताना

१) एकदम बदलू नका. पहिले दोन आठवडे सँडविचची एक स्लाइस पांढरी, एक कणकेची. नंतर दोन्ही कणकेच्या.

२) मुलाने एकदा नाकारले म्हणजे कायमचे नाकारले असे नाही. नवी चव स्वीकारण्यास आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. जबरदस्ती नको, आमिषही नको.

३) मुलासाठी वेगळे आणि मोठ्यांसाठी वेगळे असे करू नका. वडिलांच्या बशीत जे असते तेच मुलाला हवे असते.

४) तंतू वाढवताना पाणीही वाढवा.

५) दोन वर्षांखालील बाळाला कोंडा वा जादा तंतू मुद्दाम देऊ नका. त्याचे पोट लहान असते. मऊ खिचडी, तूप, डाळ यांना जागा हवी.

६) चक्कीवरून आणलेली कणीक मैद्याच्या चाळणीने चाळू नका. घरच्या घरी मैदा करण्याचाच तो प्रकार आहे.

कणकेचा ब्रेड पांढऱ्या ब्रेडपेक्षा चांगला, यात शंका नाही. पण तो महाग पडतो आणि प्रत्येक घराला परवडेलच असे नाही. ज्या घरात गव्हाची कोठी भरलेली आहे, तेथे त्याची सक्ती वाटून घेण्याचे कारण नाही. रात्रीच्या कणकेत दोन मुठी जास्त भिजवल्या आणि सकाळचे काम घरातील दोघा-तिघांनी वाटून घेतले, तर बसची वेळही साधते आणि डबाही भरतो. माझ्या वैद्यकीय बंधुभगिनींना एवढीच विनंती, की औषधाच्या चिठ्ठीवर ‘फायबर वाढवा’ एवढे दोन शब्द लिहून थांबू नये. सकाळी घरात कोण किती वाजता उठते, हेही विचारावे. आहाराचा सल्ला त्या वेळापत्रकात बसला तरच तो पाळला जातो.